नवे ब्रेक पॅड आधी रुळवा

उसाचा हंगाम सुरू झाला की सोनईत मुळा कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ वाढते. त्याच रस्त्यांवरून आपली मुले सायकलने शाळेत जातात. म्हणून या वेळी सायकलच्या ब्रेकविषयी.

आता अनेक सायकलींना डिस्क ब्रेक असतात. पॅड झिजले की अब्बा दुकानातून नवे टाकून आणतात आणि दुसऱ्या सकाळी सायकल थेट रस्त्यावर जाते. धोका इथेच आहे. नवा पॅड सुरुवातीला पुरता धरत नाही. ब्रेक लावताना घर्षणाने उष्णता तयार होते आणि पॅडच्या मालाचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढतो. तो चढला की पकड येते.

हे काम मोठ्या माणसाने करावे. फज्रनंतर चांगले उजाडले की मोकळ्या मैदानात सायकल न्या. आधी स्वच्छ फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन डिस्क पुसा. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तेच. मग ताशी 15 ते 20 किलोमीटर वेग घ्या आणि एकच ब्रेक हळूहळू जोर वाढवत दाबा. चालण्याइतका वेग उरला की सोडा. पूर्ण थांबू नका, चाक जाम होऊ देऊ नका. नाहीतर थर एकाच जागी जास्त बसतो आणि ब्रेक लावताना हादरे बसतात. असे साधारण 20 वेळा करा, मग थोड्या जास्त वेगाने 10 वेळा. पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा रुळवा. पुढचा दाबताना शरीर मागे ठेवा. पकड वाढत गेलेली हाताला कळते.

नंतर डिस्कला हात लावू नका, चटका बसेल. ब्रेक केबलचा असेल तर दांडी मुठीला टेकते का पाहा. टेकत असेल तर केबल ताणून घ्या. साखळीला तेल देताना एक थेंबही डिस्कवर जाऊ देऊ नका. तेल प्यायलेला पॅड बहुधा बदलावाच लागतो.

शेवटी मुलाला किंवा मुलीला त्याच मैदानात चार फेऱ्या मारू द्या. झिजलेल्या पॅडची सवय झालेला हात दांडी जोरात दाबतो, आणि रुळलेला नवा ब्रेक लगेच धरतो. हा फरक मैदानात कळलेला बरा, ट्रॉलीच्या मागे नव्हे.