शाखा टिकविणारें घर

मद्याविषयीं या पानांवर आम्हीं चार शब्द लिहावे, हें कित्येक वाचकांस रुचणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों. आमच्या घरांत द्राक्षासव वैद्याच्या बाटलीपलीकडे कधीं आलें नाहीं व येणारही नाहीं. तथापि आजचा विषय पेयाचा नसून वेलीचा आहे, आणि वेलीपेक्षांही ती सांभाळणाऱ्या घराचा आहे. म्हणून वाचकांनीं शेवटपर्यंत धीर धरावा, एवढीच विनंती.

नोकरीनिमित्त इटलींत राहणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें गेल्या महिन्यांत एक लांबलचक पत्र पाठविलें. नेपल्स शहराच्या पूर्वेस, डोंगराळ इर्पिनिया भागांत, आत्रिपाल्दा म्हणून एक गांव आहे. तेथें मास्त्रोबेरार्दिनो नांवाचें कुटुंब पिढ्यान् पिढ्या द्राक्षांचें मद्य करीत आलें आहे. त्यांच्या पेढीची नोंदणी १८७८ सालची. तें घर पाहून आल्यावर विद्यार्थ्यानें लिहिलें, "गुरुजी, येथें मला आपल्या पाठशाळेची आठवण झाली." मद्याच्या कोठारांत पाठशाळेची आठवण! आम्ही प्रथम रागावलों. मग त्या घराण्याची हकीकत मिळवून वाचली, आणि विद्यार्थ्याचें म्हणणें खरें वाटूं लागलें.

द्राक्षाची जात बियांवर चालत नाहीं, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. बी पेरलें तर वेल उगवते, परंतु ती आईसारखी होत नाहीं. जात जशीच्या तशी राखावयाची तर जुन्या वेलीची काडी तोडून नवी लावावी लागते. म्हणजे शेंकडों वर्षांची जात ही जणूं एकच वेल असून ती माणसांच्या हातांवरून चालत आलेली असते. मधल्या एका पिढीनें हात आखडला कीं ती संपली. वेदांच्या शाखांचें तरी दुसरें काय झालें? पतंजलीच्या महाभाष्यांत ऋग्वेदाच्या २१ शाखांचा उल्लेख आहे. आज अखंड पठणांत मुख्यतः एक शाकल शाखाच आढळते. शाखा बुडवावी लागत नाहीं. पुढें शिकणारा मिळाला नाहीं कीं ती आपोआप मिटते.

इर्पिनियाच्या वेलींवरही हाच प्रसंग आला. फायलोक्सेरा नांवाची अमेरिकन कीड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांत शिरली व मुळें शोषून सबंध मळे वाळवूं लागली. त्यांत पुढें महायुद्ध आलें. १९४५ सालीं घरचे कर्ते मिकेले वारले; मुलगा आंतोनियो १९२८ सालचा, म्हणजे मॅट्रिकच्या वयाचा पोर. मळे पुन्हां लावावयाचे होते. जाणते लोक सांगत होते कीं त्रेब्बियानो व सांजोव्हेझे या भरघोस पिकणाऱ्या, सर्वत्र खपणाऱ्या जाती लावाव्या. उलट घरच्या जाती पाहाव्या, तर फियानोचे मणी बारीक, साल जाड, रस थोडा. आल्यानिको पिकते सर्वांच्या शेवटीं; ऑक्टोबर संपत आला तरी घोंस वेलीवरच, आणि तिचें पेय वर्षानुवर्षें मुरल्याशिवाय नरम पडत नाहीं. ग्रेको ही तिसरी. हिशेबाच्या वहींत परक्या जातीच जिंकत होत्या. तरीही आंतोनियो व त्यांचे भाऊ यांनीं घरच्याच जाती लावल्या, आणि नामशेष होण्याच्या बेतांत आलेली फियानो उरल्यासुरल्या वेलींपासून पुन्हां वाढविली.

या हट्टाचें फळ लवकर मिळालें नाहीं. २३ नोव्हेंबर १९८० रोजीं त्या भागांत भूकंप होऊन अडीच हजारांहून अधिक माणसें मेलीं; या घराच्या कोठारांसही त्याचा तडाखा बसला. तीं पुन्हां बांधलीं. पुढें १९९४ च्या सुमारास भावांभावांत वाटणी झाली, आणि वेगळ्या झालेल्या भावानें तेर्रेदोरा नांवाची दुसरी पेढी काढली. परंतु ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, वाटणीनंतर दोन्ही घरांनीं त्याच तीन जाती लावल्या. जमीन वांटली गेली, शाखा वांटली गेली नाहीं. १९९३ सालीं आल्यानिकोपासून होणाऱ्या ताउराझीस, व २००३ सालीं फियानो आणि ग्रेको यांच्या पेयांस, इटलीच्या सरकारी वर्गवारींत सर्वांत वरची पायरी मिळाली. आंतोनियो २०१४ सालीं वारले. ज्या जातींना कोणी विचारीत नव्हतें, त्यांचा असा मान त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला.

याहून मोठा मान आम्हांस दुसराच वाटतो. इ. स. ७९ मध्यें व्हेसूव्हियसच्या राखेखालीं पाँपेई नगर गाडलें गेलें. कुजलेल्या मुळांच्या जागीं त्या राखेंत पोकळ्या राहिल्या होत्या. विल्हेल्मिना जॅशेम्स्की या अमेरिकन विदुषीनें त्यांत सिमेंट ओतून मुळांचे ठसे काढले, आणि वेली कशा ओळींनीं लावल्या होत्या हें दाखवून दिलें. १९९६ सालीं पुरातत्त्व खात्यानें तेथें पुन्हां वेली लावण्याचें काम याच घराकडे सोंपविलें; २००१ सालीं त्या वेलींच्या द्राक्षांचें पहिलें मद्य झालें. मुळें मेलीं होतीं. काडी मात्र कोणीतरी जपली होती.

कोणी म्हणेल, ही निव्वळ जुन्याची भक्ति झाली. तसें नव्हे. त्या किडीवर खरा उपाय सांपडला तो हा कीं, कीड सोसणाऱ्या अमेरिकन मुळावर देशी काडीचें कलम करावें. आज युरोपांतील बहुतेक जुन्या जाती अशाच उभ्या आहेत. मूळ परकें घेतलें, फळ आपलें राखलें. सोंवळें किती पाळावें व कोठें सोडावें, याचा याहून चांगला धडा आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां एक कबुली. नाशिकजवळच्या आमच्या लहानशा मळ्यांत वडिलांनीं लावलेला भोकरी द्राक्षांचा मांडव होता. बियांची, किंचित आंबटसर द्राक्षें. बाजारांत त्यांस भाव उरला नव्हता. १९८१ सालीं, वडिलांच्या पश्चात्, आम्हीं तो मोडून बिनबियांची थॉम्सन लावली. हिशेब चुकला नाहीं; मुलांचीं शिक्षणें तिच्यावर झालीं, आणि त्याबद्दल आम्हांस पश्चात्ताप नाहीं. परंतु मांडव मोडण्याच्या आदल्या दिवशीं आई म्हणाली होती, "एक वेल तरी परसांत राहूं दे रे." एका काडीचें काम होतें. आम्हीं तें केलें नाहीं. आज नातू विचारतो, "आजोबा, भोकरी म्हणजे कसें द्राक्ष?" आणि चाळीस वर्षें मुलांस शिकविलेल्या आम्हांस उत्तर देतां येत नाहीं, कारण चव सांगून समजत नाहीं.

असो. पोटासाठीं थॉम्सन अवश्य लावावी. त्यांत पाप नाहीं. मात्र घरांत आजीच्या ओव्या असतील, आजोबांच्या पाठांतलें एखादें सूक्त असेल, माळ्यावर जुन्या वालाचें बी असेल, तर तीं टाकण्यापूर्वीं एक काडी परसांत लावून ठेवावी. आमच्या आईचें मागणें एवढेंच होतें.