“मला काही झालेलं नाही” हे रस्त्यावरच ठरवू नका

सायकलला मोटारीचा धक्का बसला की पुढचं सगळं बहुधा ठरल्यासारखं घडतं. सायकलवाला पडतो, उठतो, कपडे झटकतो. चार माणसं जमतात. कुणी पाण्याची बाटली पुढे करतं, कुणी उतरलेली चेन बसवून देतं. गाडीवाला “दिसलाच नाहीत हो” म्हणतो, फारच सज्जन असेल तर पाचशेची नोट काढतो. सायकलवाला ओशाळल्यासारखा हसतो आणि म्हणतो, “नाही नाही, मला काही झालेलं नाही.” पाच मिनिटांत रस्ता मोकळा होतो.

माझा आक्षेप नेमका या वाक्याला आहे. अपघातानंतरच्या पहिल्या पाच-दहा मिनिटांत आपल्याला काय झालंय हे सांगण्याच्या स्थितीत कुणीच नसतो. मीही नसेन आणि तुम्हीही नसाल. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: मोटारीने, रिक्षाने किंवा दुचाकीने सायकलवरून पाडलेल्या प्रत्येक माणसाने त्याच दिवशी तपासून घ्यावं आणि त्या तपासणीची अपघात म्हणून नोंद करून घ्यावी. किरकोळ वाटलं तरी.

दुखत का नाही?

धक्का बसताच शरीरात अॅड्रिनॅलिन उसळतं. नाडी वाढते, स्नायू ताठरतात आणि वेदना काही काळ दबते. संकटातून पळून जाता यावं म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. तिचा तोटा असा की हाड मोडलेला माणूसही उठून सायकल ढकलत घरी जाऊ शकतो. त्यातच काही दुखापतींचा स्वभावच उशिरा बोलण्याचा असतो.

*डोकं.* कानशिलाजवळचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक रक्तवाहिनी जाते. ती फाटली तर कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठू लागतं. असा रुग्ण आधी क्षणभर बेशुद्ध होऊन नंतर अगदी नीट बोलू शकतो, चहा पिऊ शकतो आणि काही तासांत पुन्हा बेशुद्ध होऊ शकतो. मधला हा ‘बरा’ वाटणारा काळच फसवतो.

*पोट.* हँडलचं टोक पोटात रुतणं ही सायकलची खास दुखापत, विशेषतः मुलांमधली. बाहेर रुपयाएवढा गोल वळ दिसतो. आत यकृत, प्लीहा, स्वादुपिंड किंवा आतडं दुखावलेलं असू शकतं. सुरुवातीची सोनोग्राफी कधीकधी नॉर्मल येते आणि पोटदुखी व उलट्या दुसऱ्या दिवशी सुरू होतात. असा वळ दिसला तर मूल खेळत असलं तरी डॉक्टरांना दाखवा.

*मनगट.* पडताना आपण हात टेकतो. अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा असतो, तिथे दाबल्यावर दुखलं तर स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं. पहिल्या एक्स-रेत ते फ्रॅक्चर अनेकदा दिसत नाही. अशा वेळी प्लास्टर घालून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. “मुरगळलंय” म्हणून सोडून दिलं तर हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते जुळत नाही आणि मनगट कायमचं दुखत राहतं.

पहिली दहा मिनिटं

१. उठण्याची घाई करू नका. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर पडून राहा आणि लोकांना गाड्या थांबवायला सांगा. उचलून रिक्षात कोंबू देऊ नका. तसं काही नसेल तर रस्त्याच्या कडेला येऊन बसा.

२. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका मिळते, ११२ वर पोलिसांसह सर्व तातडीची मदत. तुम्हाला शक्य नसेल तर गर्दीतल्या एकाच माणसाकडे बोट दाखवून त्याला सांगा. सगळ्यांना सांगितलं की कुणीच करत नाही.

३. रक्त वाहत असेल तर स्वच्छ रुमाल किंवा ओढणी जखमेवर ठेवून दहा मिनिटं सलग दाबून धरा. दर मिनिटाला उचलून पाहू नका. हळद, कॉफी, टूथपेस्ट यातलं काहीही भरू नका.

४. डोक्याला किंवा पोटाला मार असेल तर पाणी, चहा, सरबत नको. उलटी होऊ शकते, आणि शस्त्रक्रिया लागली तर पोट रिकामं असलेलं बरं.

५. गाडीचा नंबर आधी, वादावादी नंतर. खरं तर वादावादी नकोच. नंबर प्लेट, गाडी, सायकल आणि रस्ता यांचे फोटो काढा. पाहिलेल्या एका-दोघांचे फोन नंबर घ्या. सायकल दुरुस्तीला टाकण्यापूर्वी तिचेही फोटो असू द्या. फाटलेले कपडे आणि हेल्मेट टाकून देऊ नका.

६. “चूक माझीच होती” असं म्हणू नका आणि “तुमचीच होती” असंही नको. ते ठरवण्याची ही जागा नव्हे. पैसे घेऊन कुठल्याही कागदावर सही करू नका.

मदत करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला आपलं नाव-गाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ घालून अशा माणसाला संरक्षण दिलेलं आहे. “पोलिसांचं लचांड मागे लागेल” या भीतीने हात आखडता घेऊ नका.

दवाखान्यात काय सांगाल?

“सायकलवरून पडलो” एवढंच सांगू नका. “मागून मोटारीने धडक दिली, उडून उजव्या बाजूवर पडलो, डोकं दुभाजकावर आपटलं” असं सांगा. कुठून मार लागला हे कळलं की कुठे शोधायचं ते डॉक्टरला कळतं. क्षणभर तरी शुद्ध गेली का, अपघाताच्या आधीचं-नंतरचं काही आठवत नाही का, तेही सांगा. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर ती सर्वांत आधी सांगा. अशा रुग्णांत सीटी स्कॅनचा निर्णय आम्ही लवकर घेतो.

खरचटलेली जागा साबण आणि भरपूर पाण्याने धुवावी लागते, आत रुतलेली खडी-माती काढावी लागते. जखम मळलेली असेल आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल, तर ते घ्यावं. त्याआधीच घेतलेलं असेल तर पूर्ण लसीकरण झालेल्याला पुन्हा टोचण्याची गरज नसते.

आणि मग तो शब्द, जो ऐकून लोक दचकतात: एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस. याचा अर्थ तुम्ही कुणाला कोर्टात खेचलंत असा होत नाही. अपघाताचा रुग्ण आला, अमुक वेळी आला, अमुक जखमा होत्या, याची रुग्णालयाने केलेली नोंद आणि पोलिसांना दिलेली वर्दी, इतकाच त्याचा अर्थ. काही ठिकाणी “कशाला पोलिसांची कटकट, आपण साधे पेपर करू” असा सल्ला मिळतो. तो मानू नका. माझ्या व्यवसायबंधूंनीही तो देऊ नये. तातडीचे उपचार पोलिसांच्या कागदांसाठी अडवायचे नसतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगितलं आहे. आधी उपचार करावेत, पण नोंदही करावीच.

नोंद नसेल तर

माझ्याकडे तपासणीसाठी येणारे साठीतले एक सुरक्षारक्षक रात्रपाळी संपवून सायकलवरून घरी जात होते. मोटारीचा आरसा लागला, ते पडले, तीनशे रुपये घेऊन घरी गेले. हृदयासाठी अॅस्पिरिन चालू होतं. तीन आठवड्यांनी त्यांना डोकेदुखी सुरू झाली, चालताना एक पाय ओढला जाऊ लागला, बोलणं मंदावलं. घरच्यांना वाटलं वय झालं. पडल्याची आठवण मुलीने सहज बोलता बोलता काढली. मेंदूच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साठत गेलं होतं. वयस्कर माणसात हे असंच आठवड्यांनी दिसतं. कवटीला छिद्र पाडून रक्त काढलं आणि ते बरे झाले. पण खर्च झाला कर्जातून. अपघात झाला होता याचा एकही कागद नव्हता, गाडीचा नंबर नव्हता, साक्षीदार नव्हता. तीनशे रुपयांत तो प्रसंग मिटला होता.

नोंद असती तर काय झालं असतं? प्रत्येक मोटारीला तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा असतो. हा ‘तृतीय पक्ष’ म्हणजे रस्त्यावरचा तिऱ्हाईत, म्हणजेच सायकलवाला आणि पादचारी. तुमच्याकडे स्वतःचा विमा नसला तरी त्या विम्यावर तुमचा हक्क आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे उपचारांचा खर्च आणि बुडालेली मजुरी मागता येते. कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून उशीर करू नका. थोडी चूक तुमची निघाली तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते. हक्क संपत नाही. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी २०२२ च्या योजनेनुसार गंभीर दुखापतीसाठी ५० हजार आणि मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळू शकतात. त्यासाठी महसूल खात्याच्या तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात अर्ज करावा लागतो. शिवाय मे २०२५ पासून अपघातग्रस्तांसाठी केंद्र सरकारची रोकडरहित उपचार योजना आहे: नेमलेल्या रुग्णालयांत, अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत. या सगळ्या दारांची किल्ली एकच आहे, अपघाताची वेळेवर झालेली नोंद.

घरी आल्यावर

पहिले दोन दिवस एकटं राहू नका. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल. डोक्याला मार असेल तर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका. त्या रक्तस्राव वाढवू शकतात. (हृदयासाठी चालू असलेली अॅस्पिरिनही मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.) मद्य वर्ज्य. पुढीलपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जा:

- वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या
- पेंगुळलेपणा, जागं करायला कठीण जाणं, असंबद्ध बोलणं, झटका
- हातापायांत कमजोरी, एकाचे दोन दिसणं
- नाकातून किंवा कानातून रक्त वा पाण्यासारखा द्रव येणं
- पोटदुखी वाढणं, पोट कडक होणं, मार नसताना डावा खांदा दुखणं
- लघवीतून रक्त
- दम लागणं, श्वास घेताना छातीत कळ येणं
- मान हलवताना तीव्र वेदना, मुंग्या

डोकं आपटलेलं असेल तर त्या दिवशी पुन्हा सायकल नाही. दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू नेहमीची कामं, आणि लक्षणं पूर्ण गेल्यावर सायकल. आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदला. आतला फोम एकदा दबला की दुसरा आघात झेलत नाही.

“पण डॉक्टर, गरीब बिचारा ड्रायव्हर होता…”

हा आक्षेप मी नेहमी ऐकतो आणि त्यामागचा चांगुलपणा मला कळतो. पण भरपाईचा भार मुख्यतः विमा कंपनीवर असतो, तो त्या माणसाच्या खिशातून जावा असं नाही. माफ करायचं तर जरूर करा; आठवड्याने, काय झालंय ते कळल्यावर. तडजोड लोकअदालतीतही होते. न पाहिलेल्या जखमेची किंमत रस्त्यात ठरवणं हा मात्र शुद्ध जुगार आहे.

गाडी चालवणाऱ्यांनाही सांगतो. कलम १३४ प्रमाणे थांबून जखमीला उपचार मिळवून देणं आणि लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत पोलिसांना कळवणं ही तुमची जबाबदारी आहे. जमाव अंगावर येण्याची भीती असेल तर सरळ पोलीस ठाण्यात जा, पण कळवा. “चला, आधी दवाखान्यात जाऊ” हे वाक्य पाचशेच्या नोटेपेक्षा अधिक माणुसकीचं आहे.

रविवारी महागडी सायकल काढणाऱ्यांकडे हेल्मेट असतं, विमा असतो, वकील मित्रही असतो. पहाटे पेपर टाकणारा मुलगा, दूधवाले, रात्रपाळीचे रखवालदार, सायकलने शाळेत जाणाऱ्या मुली यांच्याकडे यातलं काहीच नसतं, आणि “काही झालेलं नाही” सर्वांत आधी तेच म्हणतात, कारण कामावर वेळेत पोहोचायचं असतं. हा लेख त्यांच्यापर्यंत कदाचित पोहोचणार नाही. तुमच्या इमारतीच्या दारात त्यांच्यापैकी कुणी रोज येत असेल, तर दोनच गोष्टी सांगून ठेवा: गाडीचा नंबर घे, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन ‘गाडीने उडवलं’ असं लिहून घे.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्यक्ष दुखापतीत आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)