वही मिटली, खाडी उघडीच

सुरतेतील पर्वत पाटिया व शेजारचे लिंबायत या भागांत पोटापाण्यासाठी खानदेशातून गेलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. जुलै २०२४ मध्ये आणि पुन्हा जून २०२५ मध्ये तेथे खाडीचे पाणी घराघरांत शिरले. अशा प्रत्येक पुरानंतर नवी कामे मंजूर होतात आणि त्यांच्या अंदाजपत्रकांत ‘आकस्मिक खर्च’ म्हणून काही रक्कम राखून ठेवली जाते. काम संपताना या रकमेचे काय होते, हा प्रश्न कोणास रुक्ष वाटेल. परंतु ज्याच्या उंबरठ्यावरून पाणी आत आले, त्याच्या दृष्टीने तो जिव्हाळ्याचा आहे.

राखीव निधी ही कंत्राटाची वरकड कमाई नव्हे. विवक्षित संकट ओढवेल म्हणून तो ठेवावयाचा असतो. संकट टळले तर तो मोकळा करावा, टळले नसेल तर त्यास हात लावू नये. आपल्याकडे मात्र मार्चअखेर जवळ आली की पैसा ‘परत जाईल’ या धास्तीने तो फरसबंदीवर आणि रंगरंगोटीवर उधळला जातो. पूर्णत्वाचा दाखला निघतो आणि वही मिटते.

वास्तविक हा धडा सुरतेस तापीने केव्हाच दिला आहे. उकाई धरणाची पूर्ण पातळी ३४५ फूट. पण पावसाळ्याच्या आरंभी धरण तेवढे भरू द्यावयाचे नसते. पुरासाठी जागा रिती ठेवून, पावसाचा धोका ओसरेल तसतशी ती टप्प्याटप्प्याने भरावयाची, असा दंडक आहे. ऑगस्ट २००६ मध्ये ऐन पावसाळ्यात ही जागा पुरेशी राखली गेली नव्हती, असा आक्षेप पुढे अनेक जाणकारांनी घेतला. धरणातून नऊ लाख क्युसेकच्या घरात पाणी सोडावे लागले आणि शहराचा बहुतांश भाग बुडाला. धोका सरण्यापूर्वी राखीव साठा संपविला की काय होते, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

पैसा अडकून पडला की दुसरी कामे खोळंबतात, हे आम्हांस मान्य आहे. म्हणूनच निधी सरसकट खर्चू नये, तसा सरसकट दडवूनही ठेवू नये. काम बंद करताना प्रत्येक धोक्यापुढे स्पष्ट निकाल लिहावा: टळला, ओढवला व निस्तरला, की अद्याप शिल्लक आहे. टळलेल्याचा पैसा तिजोरीत परत जावा. निस्तरलेल्याचा हिशेब मांडावा. शिल्लक राहिलेला धोका पैशासह नेमक्या अधिकाऱ्याच्या हवाली, लेखी, करावा. खाडीचा गाळ दरवर्षी साचतो. भिंत बांधून झाली म्हणून तो धोका संपत नाही. निदान एक पूर्ण पावसाळा पार पडेपर्यंत कंत्राटदाराची अनामत सोडू नये, आणि हा निकाल वस्तीतील लोकांना कळेल अशा भाषेत चव्हाट्यावर लावावा.

ही गोष्ट सुरतेपुरती नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात बुडालेल्या चिपळूणकरांनाही ती वेगळी सांगावयास नको. निधी लोकांचा आहे आणि धोकाही लोकांच्याच माथी आहे. मग हिशेब तेवढा कचेरीच्या कपाटात का असावा? पूर्णत्वाचा दाखला पाहून पाऊस थांबत नसतो.