गोंडस घर मिळणार नाही!

परवा पुण्याहून चुलत नणंदेची मेल आली. जूनमध्ये सगळी गँग युरोपला येते आहे, त्यातले चार दिवस आमच्या सिएनात. "हॉटेल नको गं वहिनी, त्यात काय मजा? कोटाच्या आत एखादं जुनं गोंडस घर बघून दे. लाकडी तुळया, जाड भिंती, खिडकीतून कौलं दिसली पाहिजेत. तिथल्या लोकांसारखं राहायचंय आम्हाला."

असं घर मला माहीत आहे. तुळया आहेत, कौलं दिसतात. अठ्ठ्याहत्तर पायऱ्या आहेत, त्या मी पाच वर्षं भाजीच्या पिशव्या घेऊन मोजल्या आहेत. कारण ते आमचंच घर होतं. आता ते रात्रीच्या हिशोबाने मिळतं, आणि आम्ही कोटाबाहेर खाली एका सत्तरच्या दशकातल्या बिल्डिंगमध्ये राहतो. लिफ्ट आहे. तुळया नाहीत.

तर मंडळी, ते घर मी कुणालाही शोधून देणार नाही. ते नाही आणि त्याच्यासारखं दुसरंही नाही. रागावायच्या आधी ऐकून घ्या.

इथे भाड्याचे करार 1998 च्या कायद्याप्रमाणे होतात. एक प्रकार 'चार अधिक चार' वर्षांचा, दुसरा 'तीन अधिक दोन'चा, त्यात भाडं ठरलेल्या मर्यादेत असतं. आमचा दुसरा होता. पाच वर्षं संपायच्या सहा महिने आधी मालकांचं रजिस्टर्ड पत्र आलं: करार पुढे वाढवायचा नाही. माणूस वाईट नव्हता हो. बॉयलर बंद पडला की त्याच दिवशी कुणाला तरी पाठवायचा. त्याने फक्त गणित केलं. महिनाभर आमच्याकडून मिळतं ते उन्हाळ्यात आठवड्याभरात मिळतं.

मग आम्ही कोटाच्या आत दुसरं घर शोधायला लागलो. जाहिराती भरपूर होत्या. काही फक्त विद्यार्थ्यांसाठी, काही ऑक्टोबर ते मे, म्हणजे पर्यटकांचा मोसम सुरू झाला की बाहेर. एक मूल असलेल्या, बारा महिने राहू इच्छिणाऱ्या कुटुंबाला कुणी घर द्यायला तयार नव्हतं.

आता 'तिथल्या लोकांसारखं राहायचंय' ह्याबद्दल. आम्ही राहायला आलो तेव्हा जिन्यात सहा दारं होती आणि पाच दारांवर नावं होती. निघालो तेव्हा दोन: आमचं, आणि पहिल्या मजल्यावरच्या आजींचं. बाकी दारांच्या किल्ल्या खाली भिंतीवरच्या नंबर फिरवायच्या छोट्या डब्यांत. रात्री साडेअकराला दगडी रस्त्यावर सुटकेसच्या चाकांचा खडखडाट यायचा, डबा उघडायचा नाही, आणि मग आजींची बेल वाजायची. त्या ऐंशीच्या पुढच्या. गाऊनवर शाल घेऊन खाली उतरायच्या, किल्ली काढून द्यायच्या, वर जायच्या. एकदा मला म्हणाल्या, मी ह्या घरात जन्मले, आता इथली रिसेप्शनिस्ट झाले आहे! हसत म्हणाल्या. मला काही हसू आलं नाही.

कोपऱ्यावर एक फेर्रामेंता होतं, आपल्याकडचं हार्डवेअरचं दुकान. खिळा, नळाचं वॉशर, एकच बल्ब, काहीही मिळायचं. आता तिथे फ्रीजवर लावायची मॅग्नेटं मिळतात. पर्यटकाला वॉशर कशाला लागेल?

म्हणजे 'तिथल्या लोकांसारखं' राहायला येणाऱ्यांसाठी तिथले लोकच बाहेर पडताहेत. ह्यात कुणालाच काही खटकत नाही?

माझे एक मामा म्हणतात, "आपण वाडे पाडले, त्यांनी बघ कसं जपलंय!" जपलंय ना मामा, नाकारत नाही. कांपो ह्या मुख्य चौकाभोवतीच्या खिडक्या कशा असाव्यात ह्याचा नियम इथे 1297 साली झाला. साठच्या दशकातच गावाच्या मध्यभागात मोटारी बंद केल्या. पण काय जपायचं होतं, हे बघायला चौकातल्या नगरभवनात जा. तिथे आंब्रोज्यो लोरेंझेत्तीने 1338-39 मध्ये चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराची चित्रं भिंतींवर काढली आहेत. चांगल्या कारभाराच्या शहरात इमारती सुंदर आहेतच. पण त्यांच्यात चांभाराचं दुकान चालू आहे, मास्तर शिकवताहेत, गवंडी उंचावर बांधकाम करताहेत, गाढवांवर माल लादून शेतकरी येताहेत, मधोमध नाच चालला आहे. वाईट कारभाराच्या शहरात घरं पडकी आणि धंदा एकट्या शस्त्रं बनवणाऱ्याचा. चित्रकाराने चांगल्या शहराची खूण म्हणून रिकामा सुंदर चौक नाही काढला हो!

आणि माणसं गेली की काय होतं, तेही इथे उभं आहे. कॅथेड्रल प्रचंड वाढवायचं काम चालू असताना 1348 ची प्लेगची साथ आली आणि ते काम कायमचं राहिलं. त्या अर्धवट भिंतीवर आज तिकीट काढून चढतात. वरून दृश्य फार सुंदर दिसतं.

आता आक्षेप. पहिला: घर त्यांचं, काय वाट्टेल ते करतील. बरोबर. म्हणून मी मालकाशी भांडत नाहीये, गिऱ्हाइकाशी भांडतेय. गिऱ्हाईक आमच्या घरातलं आहे.

दुसरा: पर्यटक आले नाहीत तर गाव खाणार काय? यावेत की. शेकडो वर्षं येताहेत, ह्याच रस्त्याने रोमला जाणारे यात्रेकरू इथे मुक्काम करायचे. प्रश्न ते झोपतात कुठे हा आहे. व्हेनिसच्या बेटांवरच्या जुन्या शहरात 1951 मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहायची, 2022 मध्ये तो आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. तिथे पर्यटक कमी पडले असं कुणी म्हणणार नाही. सरकारने 2025 पासून अशा प्रत्येक घराला राष्ट्रीय नोंदणी क्रमांक सक्तीचा केला आहे. चांगलं आहे, चोरून चालणारे धंदे सापडतील. पण क्रमांक लावल्याने आमच्या जिन्यातली नावं परत येत नाहीत.

तिसरा आक्षेप सगळ्यात टोचणारा, आणि तो नवऱ्यानेच काढला. "आपण तरी कुठले इथले? आपणही पाच वर्षांचे पाहुणेच." दोन दिवस मी गप्प होते. खरंच, आमचं आडनाव आजींना शेवटपर्यंत म्हणता आलं नाही.

पण मग लेकीचा ढोल आठवला. सिएनात सतरा कोन्त्रादा आहेत, म्हणजे मोहल्लेच म्हणा. पालियोची घोड्यांची शर्यत 2 जुलै आणि 16 ऑगस्टला होते ती त्यांच्यातच. आमचं घर तार्तूकात, म्हणजे कासववाल्यांच्या हद्दीत. आपल्याकडे गणपतीआधी ढोल-ताशाचा सराव चालतो, तसा इथे पोरांचा ढोलाचा आणि झेंड्यांचा सराव चालतो. आमच्या लेकीला कुणी पासपोर्ट विचारला नाही. गल्लीतल्या एका दादाने तिच्या गळ्यात ढोल अडकवला आणि चुकली की ओरडला. पाहुण्यावर कुणी ओरडत नाही. मला तेवढा फरक पुरतो. जो चार दिवसांनी जाणार त्याच्याशी सगळे गोड बोलतात. जो उद्याही इथेच असणार त्याच्याशी भांडतात, त्याला शिकवतात, त्याच्याकडे किल्ली ठेवतात.

लेक अजून सरावाला जाते, बसने. पण जिन्याखाली मित्रमैत्रिणी हाका मारायच्या ते संपलं. तिच्या वर्गातली आणखी दोन मुलं ह्याच वर्षी खाली राहायला आली. वाडा पाडला काय, किंवा भिंती ठेवून आतली माणसं घालवली काय... दुसऱ्यात फोटो चांगले येतात, एवढंच.

तेव्हा वहिनीबाईंचं उत्तर असं. हॉटेलात उतरा. जुन्या मठांत चालवलेली अतिथिगृहं आहेत, साधी आणि स्वच्छ, तीही बघून देते. दिवसभर गावात भटका, खा, प्या, पैसे खर्च करा. आणि संध्याकाळी बसने आमच्याकडे या. तुळया नाहीत, पण गॅलरीतून समोर टेकडीवरचं अख्खं सिएना दिसतं, मनोऱ्यासकट. येताना मेतकूट आणा.

आजींनाही बोलावणार आहे. त्या रात्री बेल वाजली तर उघडायला घरी कुणी नसेल, त्याला माझा इलाज नाही.