दृष्टीआड सृष्टी

कुठल्याही लग्नाकार्यात गेलं की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "काय गं, तुझ्या टीममधली ती गावाकडची पोरं घरी बसून खरंच काम करतात का?" विचारणारे काका असोत की मावशी, स्वर तोच. घरी बसणं म्हणजे आराम, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. (जन्मभर घरी ‘बसलेल्या’ बायकांना विचारा एकदा!) गंमत म्हणजे आमचे वरचे साहेब लोकही हेच विचारतात, फक्त इंग्रजीतून आणि मागे आलेख लावून.

बरेच दिवस यावर लिहायचं मनात होतं. आता जरा निकड आहे, ती का ते पुढे येईलच.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की लांबची माणसं कामचुकारपणा करतील ही भीती सगळ्यांना आहे; ती विसरली जातील ही भीती फारशी कुणालाच नाही. आणि मी जेवढं पाहिलंय त्यात दुसरी गोष्ट जास्त वेळा घडते.

आधी त्या हिरव्या ठिपक्याबद्दल. ज्यांचा या जगाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते: ऑफिसच्या गप्पांच्या खिडकीत प्रत्येकाच्या नावापुढे एक ठिपका असतो. माणूस कामावर असला की हिरवा, काही मिनिटं माऊस हलला नाही की पिवळा. आता आमचं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. चांगला तपासनीस वहीवर रेघोट्या मारत, छताकडे बघत विचार करत असतो की हे कुठे मोडेल. त्या वेळी ठिपका पिवळाच असणार. आणि ठिपका हिरवा ठेवायला फार अक्कल लागते असंही नाही. माऊस सेकंदकाट्याच्या घड्याळावर ठेवायचा आणि खुशाल वामकुक्षी घ्यायची. माऊस आपोआप हलवणारी यंत्रं तर बाजारात मिळतात. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने २०२४ साली कीबोर्ड चालू असल्याचं सोंग केलं म्हणून डझनभराहून जास्त लोकांना काढलं. त्या लोकांची बाजू मला घ्यायची नाही. पण जिथे कीबोर्डची टकटक मोजली जाते तिथे टकटकच पिकणार.

बरं, घरून काम होतं का, याचं उत्तर शोधायचे प्रयत्न झालेले आहेत. मला सगळ्यात आवडलेला प्रयोग शांघायचा. सीट्रिप नावाची प्रवासाची बुकिंगं करणारी चिनी कंपनी आहे. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांचे सहकारी यांनी २०१०-११ मध्ये तिच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने हा प्रयोग केला. ज्यांना घरून काम करायची इच्छा होती त्यांच्यातून निवड कशी करायची? तर जन्मतारीख सम असेल तो घरी, विषम असेल तो ऑफिसात. किती साधं! घरचे लोक आठवड्यातले चार दिवस घरून आणि एक दिवस ऑफिसातून काम करायचे. निष्कर्ष असा की घरच्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. त्यातला बराचसा भाग ते खुर्चीत जास्त वेळ बसले, मधल्या सुट्ट्या आणि आजारपणाच्या रजा कमी घेतल्या, यातून आलेला. नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाणही निम्म्यावर आलं.

इथपर्यंतचा भाग सगळे सांगतात. पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. तेवढंच काम करणाऱ्या ऑफिसातल्या माणसाच्या मानाने घरच्या माणसाला बढती मिळायची शक्यता कमी झाली. म्हणजे काम जास्त, बढती कमी. आणि प्रयोग संपल्यावर ‘आता हवं तिथे बसा’ म्हटल्यावर घरच्यांपैकी जवळपास निम्मे लोक परत ऑफिसात आले. एकटं वाटतं, हे त्यातलं एक मोठं कारण होतं.

दृष्टीआड सृष्टी असं आपण म्हणतो, ते कानाडोळा करण्याच्या अर्थाने. इथे मात्र अख्खा माणूसच दृष्टीआड जातो.

हे कसं होतं ते आमच्याकडचंच सांगते. आमची टीम दहा जणांची. पुण्यात माझ्यासकट पाच, कराडला एक मुलगी, नागपूरला एक माझ्यापेक्षा वयाने मोठे गृहस्थ, आणि न्यू जर्सीत तिघं. न्यू जर्सीवाल्यांची सकाळ ही आपली संध्याकाळ. उन्हाळ्यात त्यांचे नऊ म्हणजे आपले साडेसहा. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेसात. म्हणजे त्यांची घड्याळं मागे आणि आपली जेवणं पुढे. ते चालतं, सवय होते. खरा घोळ होतो तो चार वाजताच्या चहाला. पुण्यातले पाच जण टपरीवर जातात, एक कटिंग संपेपर्यंत दोन गोष्टी ठरतात, आणि कुणाच्याही मनात काही वाईट नसताना कराडच्या मुलीला त्या तीन दिवसांनी कळतात. तोवर तिने जुन्या समजुतीवर तीन दिवस काम केलेलं असतं. मग कुणीतरी म्हणतं, लांबच्यांचं जरा मागेच पडतं नाही का!

म्हणून आमच्याकडे नियम आहे. टपरीवर काही ठरलं तर जागेवर परत येऊन ते दोन ओळींत लिहायचं. लिहिलं नाही तर ते ठरलंच नाही. दुसरा नियम, कॉलवर एक जण जरी लांबचा असेल तरी पुण्यातल्यांनीही आपापल्या लॅपटॉपवरून बोलायचं, एका टेबलाभोवती जमायचं नाही. टेबलाभोवती बसलेले एकमेकांकडे बघून हसतात आणि स्क्रीनवरच्याला कळत नाही की विनोद काय झाला. कंटाळवाणे नियम आहेत, पुणेकरांना तर ‘काय ही पाटी लावल्यासारखी शिस्त’ असंही वाटतं. पण गिटलॅब ही कंपनी अशाच लिहिण्यावर उभी आहे. तिला ऑफिसच नाही, माणसं कित्येक देशांत, आणि कामाच्या रीतीभाती सांगणारं दोन हजारांहून जास्त पानांचं पुस्तक सगळ्या जगासाठी उघडं ठेवलेलं. लिनक्स तर १९९१ पासून एकमेकांपासून लांब बसलेल्या माणसांनी मुख्यतः ईमेलवर वाढवलं.

आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? पुण्यात बसून उत्तरेतल्या सरदारांचा कारभार पत्रांवरच चालत होता की. त्या कागदांमधून रियासतकार गो. स. सरदेसाईंनी निवडक म्हणून छापले तेच ४५ खंड झाले. अर्थात त्या पत्रांतले पैशांचे तगादे आणि कुरबुरी पाहिल्या की आमचा ग्रुप बराच सभ्य वाटतो. असो, विषय भरकटला.

आता ‘मोटिव्हेशन’बद्दल. या शब्दाखाली जे काही केलं जातं त्याचा मला मनापासून कंटाळा आहे. शुक्रवारी संध्याकाळी पडद्यावर अंताक्षरी. दिवाळीला सुक्या मेव्याचा डबा आणि त्याच्यासोबत फोटो काढून पाठवायची सक्ती. माणसाला हुरूप येतो तो आपलं काम कुणीतरी नीट वाचलंय हे कळल्यावर, आणि ते आपल्या नावानिशी योग्य माणसापर्यंत पोचल्यावर.

उदाहरण देते. आमची एक प्रणाली अमेरिकेतल्या लोकांची बिलं ठरलेल्या वेळी आपोआप भरते. नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी तिकडे रात्रीचा दीड दोनदा वाजतो, कारण दोन वाजता घड्याळ पुन्हा एकवर जातं. कराडच्या मुलीच्या डोक्यात आलं, की रात्री दीडला भरायचं बिल त्या रात्री किती वेळा भरलं जाईल? करून बघितलं तर दोनदा! सप्टेंबरात सापडलं म्हणून निभावलं, नाहीतर लोकांच्या खात्यांतून दुप्पट पैसे गेले असते. हे तिला कुणी तपासायला सांगितलं नव्हतं. आणि वरच्या कॉलवर त्याचं वर्णन काय झालं, तर ‘पुणे टीमने एक चूक पकडली’. ती कधी पुण्यात राहिलेलीसुद्धा नाही! मी त्याच कॉलवर तिचं नाव घेतलं, आणि मग पत्रातही लिहिलं, कारण बोललेलं हवेत जातं आणि पगारवाढीच्या वेळी कागद लागतो. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "ताई, बाबांना वाचून दाखवलं ते पत्र."

मॅनेजरचं काम यातच आहे असं मला वाटतं. जो माणूस खोलीत नाही त्याच्या वतीने खोलीत बोलणं. राखणदारी त्या मानाने सोपी, ती ठिपकाही करतो.

याचा अर्थ ऑफिसं बंद करा असं नाही. कॉलेजातून नुकत्याच आलेल्या पोराला कुणाच्या तरी शेजारी बसायला मिळालंच पाहिजे. शेजारच्याची वैतागलेली बडबड ऐकूनच निम्मं काम शिकता येतं. एकटेपणही खोटं नाही. नागपूरचे गृहस्थ एकदा म्हणाले, दिवसभरात कुकरच्या शिट्टीशिवाय दुसरा आवाज ऐकला नाही. म्हणून वर्षातून दोनदा आम्ही सगळ्यांना पुण्यात बोलावतो. त्या दिवसांत प्रेझेंटेशन नाही. मिसळ, गप्पा, एकमेकांच्या शेजारी बसून काम. त्याच ब्लूम यांचा २०२४ मधला अभ्यास याच कंपनीत (आता तिचं नाव ट्रिप डॉट कॉम) सोळाशे लोकांवर झाला. त्यात आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिल्यावर कामात आणि बढतीत काहीच फरक पडला नाही, राजीनामे मात्र एक तृतीयांशाने कमी झाले. म्हणजे अधूनमधून दिसत राहिलं तर विसरणंही कमी होत असावं. हा माझा अर्थ, त्यांचा नव्हे.

तर आता निकड. येत्या जानेवारीपासून सगळ्यांनी आठवड्यातले तीन दिवस पुण्याच्या ऑफिसात यायचं असं फर्मान आलंय. कारण दिलंय ‘आपसातलं सहकार्य वाढावं’. कराडच्या मुलीच्या वडिलांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं आणि न्यायला-आणायला ती एकटीच आहे. ती पुण्याला येऊ शकत नाही, म्हणजे ती जाणार. नागपूरचे गृहस्थ "बघू" म्हणालेत, आणि त्यांचं बघू म्हणजे काय ते मला कळतं.

मी वर पत्र लिहिलंय. सहा पानी झालं. दोघांनी दोन वर्षांत काय काय पकडलं ते तारखांसकट, त्यात नोव्हेंबरचा दीडही आहे. शेवटी एवढंच विचारलंय की न्यू जर्सीचे तिघं आहेत तिथेच राहणार, म्हणजे पुण्यात येऊनही आम्ही रोज साडेसात वाजता पडद्याकडेच बघत बसणार. मग कराडचा एक चौकोन त्या पडद्यावर जास्त झाला तर सहकार्य नेमकं कुठे अडतं?

दहा दिवस झाले, उत्तर नाही. शुक्रवारी मीटिंग आहे, तिथे पुन्हा विचारणार. काय होतं ते कळवते.