लिंबू मारलेलं चिपाड

भाऊबीज २०१३ सालची. शिरूरहून न्हावरा, चौफुला करत दौंडला बहिणीकडं गेलो. ओवाळणं झालं, ताटात पाकीट पडलं, आणि आठ वर्षांच्या भाच्यानं फर्मान काढलं, "मामा, क्रिश." तोंडावर जत्रेतला काळा प्लॅस्टिकचा मुखवटा, नाकापाशी चिरलेला, आतून घामानं ओला. "दादा, ने बाबा त्याला एकदाचा," बहीण म्हणाली, "चार दिवस माझं डोकं खाल्लंय." भाऊबीजेला बहिणीचा शब्द मोडत नाहीत. गेलो. पुढचे अडीच तास जे पाहिलं त्याचा राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी इच्छाही नाही.

आधी आकड्याचं बघू. २००३ साली 'कोई... मिल गया', २००६ साली 'क्रिश', आणि २०१३च्या दिवाळीत एकदम 'क्रिश ३'. 'क्रिश २' कुठं गेला? तर म्हणे 'कोई... मिल गया' हाच पहिला धरायचा. आमच्याकडं सातबाऱ्यावर असा फेरफार केला तर तलाठ्याला घरी बसवतात. पण आकडा मोठा दिसला की माल जुना आणि खात्रीचा वाटतो, ही बाजारातली खूण सिनेमावाल्यांना पक्की ठाऊक. पण तिसऱ्या फेरीला काय उरतं हे चौफुल्याच्या रसवंतीवरचा पोऱ्याही जाणतो. ऊस पहिल्यांदा चरकात घातला की रस. दुसऱ्यांदाही बऱ्यापैकी. तिसऱ्यांदा चिपाडाची घडी घालून मध्ये आलं-लिंबू कोंबतात, म्हणजे उसाची चव कुठं गेली हे गिऱ्हाइकाच्या ध्यानात येत नाही. 'क्रिश ३'मधलं लिंबू म्हणजे संगणकावरची करामत. इमारती कोसळतात, मोटारी उडतात, विमानाचं अडकलेलं चाक हवेत उघडतं. ऊस मात्र नाही.

गोष्ट अशी. काल नावाचा दुष्ट माणूस चाकाच्या खुर्चीत बसलेला, दोन बोटं तेवढी हलतात, पण मनाच्या जोरावर वस्तू फेकतो. तो प्रयोगशाळेत माणूस आणि जनावर यांची कलमं करतो. त्यांना नाव दिलंय मानवर. हा काल आधी रोगाचा विषाणू सोडतो आणि मग त्याच्यावरचं औषध विकतो. थांबा, ही कल्पना चांगली होती! आधी रोग पसरवायचा आणि मग बाटली विकायची, या खलनायकाला आमच्या भागात कुणीही ओळखलं असतं. बोगस बियाणं विकून त्यावरचं औषधही त्याच दुकानातून गळ्यात मारणारा कुणाला भेटला नाही? दिग्दर्शक राकेश रोशन यांच्या हाती सोन्याचं नाणं लागलं होतं. त्यांनी काय केलं? नायकाच्या रक्तातच उतारा निघाला, बापानं औषध बनवलं, हवेत उडवलं, साथ खलास. ना दवाखान्यापुढची रांग, ना औषधाचा काळाबाजार, ना कुणाच्या घरात रडारड. मुंबई मरता मरता वाचली आणि आपण तिच्यातल्या एकाही माणसाला नीट भेटलो नाही. मग सरड्यासारखी रूपं बदलणारी काया नायकाच्या बायकोचं सोंग घेऊन घरात शिरते, त्याच्या प्रेमात पडते, आणि गाण्यासाठी सगळे वाळवंटात जातात. पुढं तोच काल लोखंडी चिलखत चढवतो आणि परदेशातल्या 'एक्स-मेन'मधला मॅग्नेटो होऊन उभा राहतो. उसनवारी करायला हरकत नाही, पण उसना आणलेला सदरा धुऊन तरी घालावा.

यातला एक मानवर बेडकासारखी लांबलचक जीभ काढून लोकांच्या हातातलं आइस्क्रीम पळवतो. जगाच्या नाशाला निघालेल्या टोळीचा पराक्रम हा! भाच्यानं मुखवटा कपाळावर सरकवला आणि मोठ्यानं विचारलं, "मामा, त्याला विकत घेता येत नाही का?" आजूबाजूच्या चार रांगा हसल्या. अख्ख्या खेळात खरं हसू तेवढंच.

त्या पोरानं नकळत सोंगाड्याचं काम केलं होतं. आमच्या शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई हे वगाचं गाव. बशीर मोमीन कवठेकरांनी तिथं राहून तमाशाच्या फडांना वग नि लावण्या लिहून दिल्या. वगातही राजा असतो, कपटी प्रधान असतो, अशक्य पराक्रम असतात. पण राजानं फुशारकी मारली की शेजारी सोंगाड्या उभाच. तो विचारतो, महाराज, ते सगळं खरं, पण घोड्याला चारा घातला का? प्रेक्षकाच्या पोटातला प्रश्न त्याच्या तोंडून बाहेर पडतो, आणि मगच प्रेक्षक राजाला राजा मानतो. 'क्रिश ३'मध्ये सोंगाड्याला कामावरून काढलंय. उरलेत ते नायकाचे भाट. लोक त्याचा पुतळा उभारतात, त्याला देवाच्या पंक्तीला बसवणारं गाणं म्हणतात. नायक नोकरी टिकवू शकत नाही, मध्येच कुणाला तरी वाचवायला पळतो म्हणून त्याला हाकलतात, हा एकच माणसासारखा धागा होता. तो दोन प्रसंगांत संपवला आणि पुतळ्याला मात्र भरपूर वेळ दिला.

जगात याहून वाईट झालेलं नाही का? झालंय. १९८७चा 'सुपरमॅन ४' त्यासाठी कुप्रसिद्धच आहे. कॅनन कंपनीनं ऐनवेळी पैसा जवळजवळ निम्म्यावर आणला. न्यूयॉर्क म्हणून इंग्लंडमधलं मिल्टन कीन्स हे गाव दाखवलं, उडण्याचं तेच ते दृश्य पुन्हा पुन्हा चिकटवलं, आणि एक बाई अवकाशात विनासायास श्वास घेते. पण निदान नायक क्रिस्टोफर रीव्हला त्यात अण्वस्त्रांबद्दल काही सांगायचं होतं. पैसा आटला, जीव आटला नव्हता. १९९७च्या 'बॅटमॅन अँड रॉबिन'पाशी पैशाचा तोटा नव्हता, तिथं सिनेमापेक्षा खेळण्यांची विक्री महत्त्वाची ठरली. त्याचा दिग्दर्शक जोएल शूमाकर यानं पुढं लोकांची चक्क माफी मागितली. आपल्याकडं माफीची पद्धत नाही. आपल्याकडं पुढच्या भागाची घोषणा होते.

आणि पैशाचंच बोलायचं तर मालेगावला जाऊ. तिथल्या नासिर शेखनं किरकोळ पैशांत, हिरव्या कापडापुढं माणूस आडवा धरून 'मालेगाव का सुपरमॅन' काढला. फैजा अहमद खान यांच्या २००८च्या माहितीपटात तो सगळा खटाटोप दिसतो. त्यांचा सुपरमॅन शफीक, यंत्रमागावर काम करणारा काडीपैलवान. चड्डीचा नाडा लोंबतोय, गावच्या धुळीनं दम लागतोय, आणि लढाई तंबाखूवाल्याशी. उडताना तो हास्यास्पद दिसतो, पण पडल्यावर कुठं लागेल ते आपल्याला कळतं. पुढं शफीक खरोखरच कॅन्सरनं गेला. तो लोंबता नाडा मला रोशन पितापुत्रांच्या काळ्या कोटापेक्षा शंभर पटीनं भारी वाटतो.

"अहो, लहान मुलांसाठी असतं ते," असं सुशिक्षित मंडळी मला समजावतात. हा युक्तिवाद ऐकला की माझं टाळकं फिरतं. लहान मुलांसाठी आहे म्हणून दूध पातळ चालतं का? इसापापासून 'फास्टर फेणे'पर्यंत मुलांना जे आवडलं त्यात पोरकटपणा किती होता ते दाखवा. मुलांना तर्क सगळ्यात जास्त लागतो. आइस्क्रीमचा प्रश्न कुणी विचारला? पस्तिशीतल्या मामानं नाही.

परतीच्या वाटेवर दौंड स्टेशन पाहून मला हसू आलं. स्टेशनात न शिरता परस्पर वळणारी कॉर्ड लाइन होण्याआधी पुण्याहून मनमाडकडं जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन दौंडात काढून दुसऱ्या टोकाला जोडत. नवखा प्रवासी घाबरायचा, गाडी परत पुण्याला निघाली की काय! पण ती पुढंच जायची. या सिनेमांचं उलटं. इंजिन नवं, रंग नवा, शिट्टी जोरात, आणि गाडी निघाली तिथंच परत.

२०२५च्या मार्चमध्ये घोषणा झाली की 'क्रिश ४' येणार आणि नायक हृतिक रोशन स्वतः दिग्दर्शन करणार. भाचा आता विशीचा, त्यानं ती बातमी मला पाठवली, खाली फक्त हसणारं तोंड.

त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्या तालुक्यात पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्यानं वीसेक दिवसांत तिघांचा जीव घेतला, त्यात दोन मुलं. लोकांनी रस्ता अडवला, वनखात्याला एक बिबट्या गोळी घालून मारावा लागला. तेव्हा माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतावर जाऊ लागली, कारण बिबट्या मान धरतो. त्या बाजूच्या एका ओळखीच्यानं मला आपला पट्टा दाखवला. कुत्र्याच्या गळ्यात बांधतात तसाच, टोकं बाहेर काढलेली, बक्कल गंजलेलं. मी बोट लावून पाहिलं, टोचलं. मानवर, मुखवटा, चिलखत यांचे कोट्यवधींचे हिशेब मांडणाऱ्या कुणीतरी हा पोशाख एकदा हातात घ्यावा. रात्रीची लाइट आली की हा माणूस पट्टा चढवून उसात जातो. मी विचारलं, उपयोग होतो का? त्यानं गळ्यावरून हात फिरवला. "उपयोगाचं काय माहीत," तो म्हणाला, "पण मान खाली घालता येत नाही. दारं धरताना पाण्याकडं बघायचं कसं?"