‘सेट’ झालेली मराठी

इंग्रजीच्या श्रीमंतीचा दाखला द्यायचा झाला की ‘सेट’ या चिमुकल्या शब्दाचे नाव घेण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत या एका क्रियापदाने सुमारे ६०,००० शब्दांची जागा अडवली आहे आणि त्याचे ४३० अर्थ नोंदले आहेत. ही माहिती सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून आणि भाषणांतून इतकी फिरते की ती आता जुनी झाली आहे, याचेही कोणाला भान नाही. त्याच कोशाचे संपादक पीटर गिलिव्हर यांनी ‘रन’ या क्रियापदाची फेरमांडणी केली तेव्हा त्याचे ६४५ अर्थ भरले. २०११ मध्ये त्याचा बराच गाजावाजा झाला. मुळात अर्थ किती हे कोशकार किती बारीक विणतो यावरही ठरते. पण आमचा आक्षेप आकड्यांवर नाही. ‘आमच्या मराठीत असा एक तरी शब्द आहे का?’ हा जो हताश प्रश्न त्यामागोमाग येतो, त्यावर आहे.

आहे, आणि तो अगदी शेजारी बसलेला आहे. इंग्रजी ‘सेट’ हे ‘सिट’चे प्रयोजक रूप, म्हणजे सरळसरळ आपले ‘बसवणे’. (समूहवाचक ‘सेट’ हे नाम लॅटिन मुळावरून फ्रेंचमार्गे आलेले वेगळेच कूळ, दोन्ही पुढे एकमेकांत मिसळली.) आपण गणपती बसवतो, नाटक बसवतो, नळ बसवतो, दात बसवतो, कारभाराची घडी बसवतो. प्रयोजक बाजूला ठेवून नुसते ‘बसणे’ घेतले तर विश्वास बसतो, धक्का बसतो, घसा बसतो, शिवणावर हात बसतो, सदरा अंगाला बसतो, धंद्यात बुडालेला माणूसही ‘बसतो’. या धातूचे अर्थ कोणी मोजले नाहीत, एवढाच काय तो फरक.

आणि ज्या घरात हे वैभव आहे त्याच घरात आज ‘सेट करणे’ आणि ‘सेट होणे’ यांनी ठाण मांडले आहे. येथे एक भेद स्पष्ट करावयास हवा. चहाचा सेट, टीव्हीचा सेट, टेनिसमधला सेट ही नामे वस्तूबरोबर आली. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. (आमच्यापैकी काहींची नोकरीच ‘सेट’ नावाच्या परीक्षेच्या आधारावर उभी आहे, पण तो सेट आद्याक्षरांचा, त्याला या वादातून वगळावे.) भांडण आहे ते क्रियापदाशी. दही लागत असे, गजर लावला जाई, पाने मांडली जात, हिरा कोंदणात बसे, तारीख ठरे, प्रश्नपत्रिका काढली जाई. आता हे सर्व ‘सेट’ होते.

‘मुलगा पुण्यात सेट झाला’ हे वाक्य घ्या. ‘मार्गी लागला’ म्हटले की बापाने टाकलेला सुटकेचा निःश्वास ऐकू येतो; कदाचित आधी काही वर्षे तो मार्गी लागत नव्हता, हेही कळते. ‘रुळला’ म्हटले की नोकरीपेक्षा मनाची गोष्ट निघते: परके गाव, परकी माणसे, आणि हळूहळू कमी होत गेलेला परकेपणा. ‘जम बसला’ हे दुकानदाराचे, वकिलाचे, नव्या डॉक्टरचे. त्यात गिऱ्हाईक आहे. ‘बस्तान बसले’ यात सामानसुमान उचलून आलेला माणूस दिसतो, आणि बोलणाऱ्याच्या स्वरात किंचित असूयाही. ‘संसार थाटला’ यात दुसरे एक माणूस आले. ‘सेट झाला’ यातून यांपैकी काय कळते? पगार बरा असावा, एवढेच.

यावर ठरलेले उत्तर येते की भाषा प्रवाही असते आणि फारसीनेही आपल्याला क्रियापदे दिलीच. दिली; परंतु हजर होणे, वसूल करणे, तहकूब करणे, रद्द करणे यांतील प्रत्येकाला आपापले नेमके काम होते. एकाने येऊन दहा जणांना घराबाहेर काढले, असे झाले नाही.

दुसरे उत्तर अधिक चतुर आहे: इंग्रजाचे एका ‘सेट’वर भागते, मग आपले का भागू नये? त्याचे एका ‘सेट’वर मुळीच भागत नाही. ‘सेट आउट’, ‘सेट इन’, ‘सेट असाइड’, ‘सेट अप’ अशा शेपट्या लावून तो अर्थ वेगळे राखतो. प्रवासाला निघणे, पावसाने जोर धरून मुक्काम करणे, बाजूला काढून ठेवणे, उभारणे, यांची सरमिसळ इंग्रजीत होत नाही. आम्ही मात्र त्या शेपट्या बंदरावरच सोडून उघडा धातू घरी आणला. म्हणजे अनेकार्थता घेतली, पण ती सांभाळण्याची व्यवस्था घेतली नाही. ही उसनवारीसुद्धा धड नव्हे.

भाषांतराच्या तासाला याची किंमत दिसते. इंग्रजी उताऱ्यातील ‘सेट’ विद्यार्थ्यांना अडतच नाही, कारण त्याचे मराठीही ‘सेट’च असते. अडत नाही म्हणून शोध नाही, आणि शोध नाही म्हणून ‘लावणे’, ‘मांडणे’, ‘थाटणे’, ‘रुळणे’ ही क्रियापदे वाचताना ओळखीची वाटली तरी लिहिताना हाताशी येत नाहीत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या हाती आपण काय दिले आहे? दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले, पुरवणी १९५० मध्ये आली. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा १९९९ चा कोश मोलाचा खरा, पण तो प्राचीन मराठीचा. ऑक्सफर्डचा कोश मात्र २००० सालापासून संगणकाच्या जाळ्यावर सतत सुधारला जात आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि सत्कार-सोहळे यथासांग पार पडले. त्या उत्साहातला थोडा अंश तरी क्रियापदांकडे वळावा, असे आमचे मागणे आहे. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी एकेक धातू वाटून घ्यावा. लीळाचरित्रापासून आजच्या कादंबरीपर्यंत आणि विदर्भापासून कोकणापर्यंत त्याचे प्रयोग एम.ए.च्या प्रबंधिकांतून गोळा करावेत, तारखांसह आणि उदाहरणांसह. ‘साहित्यातील स्त्रीचित्रण’ या विषयावरची चाळिसावी प्रबंधिका एक वर्ष पुढे ढकलली तर फारसे बिघडणार नाही. पहिला धातू म्हणून आम्ही ‘बसणे’ सुचवतो.